अडतीस अंशांचं पाणी

चौतीस वर्षं मी वेधशाळेत तापमान वाचलं. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, "मग काय, उद्या पाऊस का?" त्यांना मी उत्तर देत नाही. माझं काम उद्याचं नव्हतं, आत्ताचं होतं. सकाळी साडेआठला लाकडी पेटीचं दार उघडायचं, आत्ता किती आहे ते दशांशापर्यंत बघायचं, लिहायचं आणि आपल्याला काय वाटतं ते स्वतःपाशी ठेवायचं. या शिस्तीचा मला गर्व होता. तो एका गुरुवारी, स्वयंपाकघरात, दहा मिनिटांत उतरला.

माझी मुलगी उल्का पहिल्या बाळंतपणाला नागपूरहून कसबा पेठेत माझ्याकडे आली होती. तिची आई, सुहासिनी, जाऊन चार वर्षं झाली होती. आई नसलेल्या माहेरी बाळंतपणाला कशाला यायचं, असं मी फोनवर म्हणालोही होतो. उल्का म्हणाली, "माझी डॉक्टर तिथलीच आहे, बाबा. तुम्ही फक्त दार उघडा." आमच्या दोघांचं बोलणं हे असं. भांडण कधीच नव्हतं, पण दार उघडण्यापलीकडे मी काही करेन अशी तिची अपेक्षाही नव्हती.

मुलगी झाली ती दीड महिना आधी. आठ दिवस हॉस्पिटलात ठेवून घरी सोडलं तेव्हा वजन एक किलो सातशे दहा. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. अंघोळ नाही, अडीच किलो होईपर्यंत नुसतं पुसून घ्यायचं. शेक नाही, धुरी नाही. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच ठेवून उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून कापडाने बांधून घ्यायचं. जितके तास जमेल तितके तास. "हिला ऊब स्वतःची स्वतःला करता येत नाही अजून. ती माणसाकडून घ्यावी लागते. आई दमली तर बाबा, बाबा नसतील तर घरातलं कोणीही," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

त्याला कारण होतं. जावई, दिगंबर, रजा संपवून नागपूरला परत गेला होता, तो शनिवारी येणार होता. म्हणजे 'कोणीही' म्हणजे मीच. आणि मी माझी स्वतःची मुलगीही कधी छातीशी धरली नव्हती. आमच्या घरात वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपलं मूल उचलायचं नाही, अशी रीत होती. माझे वडील उल्का पाच वर्षांची होईपर्यंत होते आणि सदैव घरातच असत. ते गेले तेव्हा ती उचलून घेण्याच्या वयाची राहिली नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं ते मी स्वतःपाशी ठेवलं.

तीन दिवस उल्का एकटीने बाळाला छातीवर घेऊन आतल्या खोलीतल्या खुर्चीत बसून होती. पाठीला उशा, पायाखाली स्टूल. जेवणही तिथेच. "बाबा, अर्धा तास घेता का? फक्त शर्ट काढून बसायचं," असं तिने दोनदा विचारलं. एकदा मी म्हणालो सर्दी वाटतेय, एकदा म्हणालो दूध आणायचंय. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. सोमवारी वजन करायचं होतं आणि ते उतरलेलं असलं तर पुन्हा दाखल करावं लागणार होतं. तिचं सगळं लक्ष त्या सोमवारावर होतं.

गुरुवार हा अकरावा दिवस. सकाळी सातला माझी थोरली बहीण, विजयमाला, हिचा सदाशिव पेठेतून फोन आला. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि फोनवर 'हॅलो' म्हणण्यात वेळ घालवत नाही.

"आज सोयर फिटतं. बाळ-बाळंतिणीला डोक्यावरून न्हायला घाल, दिवा लाव आणि बाळ देवापुढे ठेव. उद्या बारशाला मी येते. न न्हालेलं मूल मी मांडीवर घेणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"ताई, डॉक्टर नको म्हणतात पाणी."

"डॉक्टरांना सोयर नसतं," ती म्हणाली. आणि वर, "सुहासिनी असती तर हे मला सांगायला लागलं नसतं."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. सुहासिनी असती तर खरंच सगळं झालं असतं. डिंकाचे लाडू झाले असते, शेपूची भाजी झाली असती, देवापुढे बाळ ठेवलं गेलं असतं. मी फक्त दूध आणत होतो. मी उल्काला विचारलं. ती म्हणाली, "अडीच किलो होईपर्यंत नाही म्हणजे नाही. परत विचारू नका."

दहा वाजता सरुबाई आल्या. त्या हडपसरहून बसने येतात, बाळ-बाळंतिणीचं मालिश आणि अंघोळ हेच त्यांचं पस्तीस वर्षांचं काम. उल्का झाली तेव्हाही त्याच यायच्या. मला वाटलं, निदान या तरी माझ्या बाजूने बोलतील.

"सरुबाई, अकरावा दिवस आहे. बाळाला दोन तांबे घालायला काय हरकत आहे?"

सरुबाईंनी बाळाचे पाय चाचपून बघितले. "न्हाई आण्णा. लई बारीक हाय पोर. अशा पोराला म्या पानी लावत न्हाई. मोटी झाली की घालू की दनक्यात." मग त्या उल्काला म्हणाल्या, "चला ताई, तुमी न्हाऊन घ्या. अकरा दिस झालं, केसांची पार जट झालीय."

उल्का बाळाला सोडायला तयार नव्हती. शेवटी उठली आणि बाळ माझ्यापुढे धरलं. "अर्धा तास, बाबा. शर्ट काढा आणि हिला छातीवर घ्या. खाली ठेवू नका."

"हो," मी म्हणालो. पण सरुबाई तिथेच उभ्या होत्या. परक्या बाईसमोर उघडं कसं व्हायचं, म्हणून मी बाळ दुपट्यासकट हातावर घेतलं. मोरीचं दार लागलं. आत पाण्याचा आवाज आणि सरुबाईंचं बोलणं सुरू झालं.

आता इथे मी वेड्यासारखा वागलो असं म्हणून सुटका होणार नाही. मी अगदी पद्धतशीर वागलो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, म्हणून पाणी गॅसवर तापवलं. उल्काला ज्यात न्हायला घालत ते पितळी घंगाळ माळ्यावरून काढलं. निवृत्त होताना मी एक जुना तापमापक मागून घेतला होता, तो पाण्यात धरला. एक्केचाळीस होतं. थंड घातलं. अडतीसला पारा थांबला तेव्हा मला समाधान वाटलं. कोपर बुडवून अंदाज घेणाऱ्या बायकांपेक्षा आपण बरे, असंही वाटलं. हे सगळं बाळाला ओट्यावर दुपट्यात ठेवून. खाली ठेवू नका, असं मला सांगितलेलं होतं.

मग मी तिला उघडी केली, डाव्या तळहातावर घेतली आणि दोन छोटे तांबे घातले, डोक्यावरून. ती रडली. आवाज एवढासा, मोरीपर्यंत न पोचणारा. दुसऱ्या तांब्याला ती गप्प झाली. मला वाटलं, बरं वाटलं तिला. मी पंचाने टिपून तिला त्याच पंचात गुंडाळलं आणि तिथल्याच देव्हाऱ्यापुढे पाटावर ठेवलं. दिवा लावला. सुहासिनी म्हणायची ते स्तोत्र मला पूर्ण येत नाही, येतं तेवढं म्हटलं. ओट्याजवळची खिडकी उघडी होती. ती मी बंद केली नाही, कारण मी नेहमी उघडीच ठेवतो.

डोळे उघडून बघितलं तर तिचे ओठ जांभळट दिसले. पाय हातात घेतला. तो गार होता. पोटाला हात लावला, तेही गार होतं. आणि ती मुळीच रडत नव्हती.

वेधशाळेच्या पेटीत दोन तापमापक असतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला मलमल गुंडाळून ती सतत ओली ठेवतात. हवा तीच, पेटी तीच, पण ओला तापमापक कायम कमी दाखवतो, कारण पाणी वाळताना ऊब घेऊन जातं. डिसेंबरातल्या कोरड्या पुण्यात दुपारपर्यंत हा फरक आठ-नऊ अंशांचा सहज पडतो. चौतीस वर्षं, रोज, मी तो फरक माझ्या हाताने लिहिला. आणि त्या दिवशी मी पाण्याचं तापमान बघितलं, हवेचं बघितलं नाही. माझी नात ओल्या पंचात गुंडाळून मी वाऱ्यात ठेवली होती.

मी स्वेटर, शर्ट, बनियन सगळं एकदम ओढून काढलं. पंचा फेकला. तिला छातीवर घेतलं, देव्हाऱ्याजवळची सोवळ्याची लोकरी धाबळी वरून गुंडाळली आणि हाक मारली. काय हाक मारली ते आठवत नाही. उल्का ओल्या केसांनी, गाऊन अर्धवट गुंडाळून धावत आली. तिने घंगाळ बघितलं. पंचा बघितला. मला बघितलं.

"द्या तिला," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

मी द्यायला लागलो तर मधे सरुबाई आल्या. "थांबा ताई! तुमचं अंग गार हाय, डोस्कं वलं हाय. आण्णांचं अंग गरम हाय. ऱ्हाऊ द्या तिथंच."

उल्काचे हात तसेच पुढे राहिले. जिथे तिचं मूल सगळ्यात कमी सुरक्षित होतं, तिथेच ते ठेवणं भाग होतं. तिने हात खाली घेतले. ते खाली घेताना मी बघितले आहेत.

तीन जिने मी उघड्या अंगाने, धाबळीत, एक हात बाळाच्या बुडाखाली आणि एक पाठीवर ठेवून उतरलो. रिक्षात उल्का माझ्या एका बाजूला, सरुबाई दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडून वारा अडवत. कुंभारवेस, मग डेंगळे पूल. उल्काचा हात धाबळीच्या आत, बाळाच्या पाठीवर होता. तो थंड होता.

"श्वास आहे?"

"आहे."

पुन्हा थोड्या वेळाने, "श्वास आहे?"

"आहे."

पुलावर गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा ती पुढे बघत म्हणाली, "मला घेतलं होतंत असं कधी?"

सरुबाई रिक्षाबाहेर बघायला लागल्या, कारण त्यांना उत्तर माहीत होतं.

"नाही," मी म्हणालो.

सबंध रस्ताभर माझ्या छातीवर ते गार पोट होतं, आणि मी मनात एकच गोष्ट म्हणत होतो, की माझ्या अंगातली सगळी ऊब घे आणि मला इथेच टाक.

हॉस्पिटलात बाळाला दिव्यांच्या शेगडीखाली ठेवलं. तापमान चौतीस पूर्णांक सहा. डॉक्टरीणबाईंनी केसांना हात लावला. "हिला अंघोळ घातली? इतकं सांगूनसुद्धा?" आणि त्या थेट सरुबाईंकडे वळल्या. "मावशी, तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं? जीव गेला असता आज!"

सरुबाईंनी मान खाली घातली. लुगड्याचा पदर अजून उल्काच्या अंघोळीचा ओला होता.

मी काय केलं ते सांगायलाच हवं. मी गप्प राहिलो. दोन सेकंद, फार तर तीन. चौतीस वर्षांत मी एकही खोटा आकडा लिहिला नाही, आणि इथे तर काही लिहायचंही नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. उल्का माझ्याकडे बघत होती. तिने सांगून टाकायला हवं होतं, पण ती सांगत नव्हती. ती वाट बघत होती.

"त्यांनी नाही," मी म्हणालो. "त्या नको म्हणाल्या होत्या. मुलगीही नको म्हणाली होती. त्या दोघी मोरीत असताना मी घातली. बाळ गप्प झालं तेव्हा मला वाटलं, तिला बरं वाटलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या उघड्या अंगाकडे, जानव्याकडे, पांढऱ्या केसांकडे बघितलं. "शिकलेले दिसता," त्या म्हणाल्या. पुण्यात यापेक्षा मोठी शिवी नाही.

शुक्रवारी विजयमालाचा फोन आला, बारसं किती वाजता म्हणून. मी म्हणालो, "ताई, बाळ हॉस्पिटलात आहे. थोडंसं तुझ्यामुळे, बाकी सगळं माझ्यामुळे." तिने फोन ठेवला. त्या दिवशी बाळाचं वजन एक किलो सहाशे साठ भरलं. तीन दिवस उल्काने खुर्चीत बसून कमावलेलं गेलं आणि वर आणखी गेलं.

शनिवारी सकाळी तापमान छत्तीस पूर्णांक सहावर टिकलं. सिस्टर म्हणाल्या, आता छातीवर घ्यायला हरकत नाही, किंबहुना घ्याच. पण ओल्या केसांनी रिक्षात वारा लागून उल्काला ताप भरला होता. एकामागून एक शिंका येत होत्या. "ताई, दोन दिवस तुम्ही काचेच्या बाहेर. दूध आम्ही आत नेऊन पाजू. बाळाचे वडील कुठे आहेत?" दिगंबरची गाडी सहा तास उशिरा धावत होती.

मी बाकावरून उठलो आणि परत बसलो. मागण्याचा हक्क मला नव्हता.

उल्का बराच वेळ काचेतून आत बघत राहिली. मग तोंडावरचा रुमाल न काढता म्हणाली, "बाबा, शर्ट काढा."

आत सिस्टरनी हात कोपरापर्यंत धुवायला लावले. घड्याळ काढायला सांगितलं. मग जानव्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आजोबा, तो दोरा पण काढावा लागेल. तिच्या बोटात अडकतो, आणि स्वच्छ नसतो." आठव्या वर्षी मुंज झाली तेव्हापासून अंगावर जानवं नाही असा दिवस गेला नव्हता. मी ते डोक्यावरून काढलं आणि विजारीच्या खिशात कोंबलं. कोणता मंत्र म्हणावा लागतो, हे आठवायलाही थांबलो नाही. वर बघितलं तर काचेपलीकडून उल्का बघत होती.

ती दाराच्या फटीशी आली. "डोकं हनुवटीखाली. नाक मोकळं राहू दे. झोपू नका. आणि..." ती थांबली. "ती गप्प झाली, म्हणजे तिला बरं वाटलं असं समजू नका. मला विचारा."

सिस्टरनी बाळाला माझ्या छातीवर ठेवलं, कापडाने बांधलं आणि खुर्ची मागे कलती केली. या वेळी ती गरम होती. गाल माझ्या बरगडीवर टेकवून तिने दोनदा तोंड हलवलं आणि झोपली. तिचा श्वास मला माझ्या कातडीवर मोजता येत होता. एवढी साधी गोष्ट. सदुसष्ट वर्षं मी या गोष्टीवाचून कसा राहिलो, मला कळेना.

उल्का लहानपणी फार गप्प असायची. शहाणी आहे हो, काही त्रास नाही, असं मी येईल त्याला सांगायचो. आजोबांसमोर ती माझ्याकडे हात पसरून यायची आणि मी वर्तमानपत्र उघडायचो. मग तिने हात पसरणं सोडलं. मग ती गप्प राहायला लागली. आणि मला वाटलं, तिला बरं वाटतंय.

आता ती काचेपलीकडे शाल गुंडाळून उभी होती. डोळे तापाने लाल. थोड्या थोड्या वेळाने ती भुवया उंचावून विचारायची आणि मी मान हलवून सांगायचो, ठीक आहे, गरम आहे. असं पाच-सहा वेळा झालं. मग मी आपणहून तिच्याकडे बोट केलं आणि ओठ हलवून विचारलं, "आणि तू?"

तिला कळलं नाही. तिने बाळाकडे बघितलं, काय झालं म्हणून घाबरली. मी पुन्हा मान हलवली, बाळ नाही, आणि सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून विचारलं, "तू? तू कशी आहेस?"

या वेळी कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मागे सरकून बाकावर बसली आणि शालीत तोंड घालून रडायला लागली, खांदे हलवून, लहान मुलीसारखी. मला उठून तिच्याकडे जायचं होतं. पण छातीवर तिची मुलगी झोपली होती आणि मला हलता येत नव्हतं.

ती रडायची थांबेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो. या वेळी माझ्या हातात वर्तमानपत्र नव्हतं.